पाटीवरचं लग्न

मनालीच्या लग्नाला चारशे माणसं आली, आणि जिच्या हट्टापायी हे लग्न ठरल्या तारखेला लागलं ती तिची आजीच तेवढी आली नाही. चिमणाबाई त्या दिवशी गडहिंग्लजच्या एका दवाखान्यात कॉटवर पडून होत्या. पायाला वजन लावलेलं. आणि कॉटशेजारच्या स्टुलावर, त्या वजनाकडं बघत, त्यांची धाकटी बहीण शेवंताबाई. लग्न कोल्हापुरात, सख्ख्या बहिणी दोघी गडहिंग्लजात.

झालं होतं ते असं. लग्नाला पाच दिवस राहिले असताना चिमणाबाई घरामागच्या परड्यात सुटलेल्या शेळीमागं धावल्या. वय बहात्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि शेळी त्यांच्यापेक्षा सत्तर वर्षांनी लहान. शेळी सापडली, पण मांडीचं हाड गेलं. मुलगा आकाराम, म्हणजे मनालीचा बाप, बिद्रीच्या साखर कारखान्यात फिटर आहे. तो पळत आला आणि लग्न पुढं ढकलायची भाषा करू लागला. तेव्हा चिमणाबाईंनी कॉटवरनं असा आवाज लावला की पलीकडच्या खोलीतला पेशंट उठून बसला.

"पाय माझा मोडलाय, लग्न न्हाय मोडलं! तारीख हलली तर माझं त्वांड बघू नगा."

मनालीची आई गेली तेव्हा पोर अडीच वर्षांची होती. तिला न्हाऊमाखू घालून, शाळेत सोडून, बी.एड.पर्यंत पोचवली ती चिमणाबाईंनी. त्यामुळं त्यांच्या शब्दापुढं कुणाचं चाललं नाही. प्रश्न एवढाच उरला, की त्यांच्याजवळ थांबायचं कुणी?

"मी थांबतो," शेवंताबाई म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी येतो, मी जातो, मी थांबतो. कोल्हापूरच्या बाईला पुरुषासारखं बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. शेवंताबाईंनी तर तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. त्यांनी 'थांबतो' म्हटल्यावर डॉक्टरसुद्धा वाद घालत नसत.

तर लग्न लागलं. छान लागलं. बौद्ध पद्धतीचं लग्न, मनाली पांढऱ्या साडीत, जावई हातकणंगल्याचा, रेल्वेत नोकरीला. आणि लग्न लागलं त्या घटकेला चिमणाबाईंनी भिंतीकडं तोंड केलं आणि एकच वाक्य बोलल्या, "माझ्यापायी तुझं बी लगीन हुकलं, शेवंते." त्यानंतर त्या विषयावर त्या सरळ बोलेनाशाच झाल्या. बोलल्या तरी ऐकीव बातमी सांगितल्यासारख्या.

"मनालीचं लगीन झालं म्हणत्यात."

"जावई उंच हाय म्हणत्यात."

"हॉल मोठा व्हता म्हणत्यात बाबा, आपल्याला काय म्हाईत?"

महिना झाला, प्लास्टर चढलं, बाई घरी आल्या, तरी 'म्हणत्यात' काही सुटेना. मनाली नवऱ्याला घेऊन भेटायला आली, पाया पडली, गळ्यात पडून रडली. ती गेल्यावर चिमणाबाई म्हणाल्या, "सुखात हाय म्हणत्यात." शेवंताबाई तिथंच होत्या, त्यांनी ते ऐकलं. हाड काय, आज ना उद्या जुळणार होतं. हे मात्र काही जुळायचं लक्षण दिसत नव्हतं. आक्कानं एकदा ते लग्न डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिचा हा रुसवा जायचा नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आणि रुसवा तरी कुणावर? स्वतःवरच की.

फोटो होते. शेवंताबाईंचा मुलगा प्रसेनजीत पुण्यात एका कंपनीत इंजिनिअर. त्यानं आपल्या डिजिटल कॅमेऱ्यावर दीडशेच्या वर फोटो काढले होते आणि कोल्हापुरात कदमवाडीतल्या आईच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवले होते. "आई, बघ की," म्हणून तो मागं लागला, तर शेवंताबाईंनी सरळ सांगितलं,

"आक्काच्या आदी मी बघणार न्हाय. दोघींचं मिळून हुकलंय, दोघी मिळूनच बघू."

त्यानं मग त्यातले सहा फोटो धुऊन आणले आणि गडहिंग्लजला नेऊन दाखवले. चिमणाबाईंनी ते पोस्टकार्डाएवढे कागद नाकाला लावले, लांब धरले, तिरके धरले आणि परत दिले. "मुंगळ्यांची रांग हाय न्हवं ही?" मोतीबिंदूचं ऑपरेशन पाय बरा झाल्याशिवाय होणार नव्हतं. कॉम्प्युटरच घेऊन जावा, असंही एकदा ठरलं. पण तो मॉनिटर म्हणजे भरलेल्या घागरीएवढा जड, एस.टी.त मांडीवर घेऊन बसायचं कुणी?

आणि मग प्रसेनजीतच्या कंपनीत टॅब्लेट आली. २००९ साल होतं, अशा वस्तू अजून कुणी फारशा बघितल्या नव्हत्या. त्यानं फोनवर "आई, टॅब्लेट आणतो" म्हटल्यावर शेवंताबाईंनी आधी "कशावरची?" असंच विचारलं. तीस वर्षं टॅब्लेट वाटलेल्या बाईनं दुसरं काय विचारायचं? मग त्यानं नीट समजावलं. पाटीसारखी पाटी असते, आख्खा कॉम्प्युटर तिच्या पोटात, पेनासारख्या काडीनं टोचलं की फोटो हवा तेवढा मोठा. झोपलेल्या माणसाच्या तोंडापुढं धरता येते. "म्हंजे पाटी-लेखणी," शेवंताबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव पाटीच पडलं.

अडचण एवढीच, की पाटी कंपनीची. शनिवारी मिळणार, सोमवारी सकाळी परत जमा. मधला एक रविवार काय तो हातात.

शनिवारी दुपारी चारला प्रसेनजीतचा फोन आला.

"आई, मी रातच्या गाडीनं निघतो. सकाळी सातला घरात. पर उद्या सहा ते दहा आपल्या भागात लाइट न्हाय, व्हय ना?"

"व्हय. भारनियमन."

"म्हणूनच म्हणतो. नवाची गडहिंग्लज गाडी धरायची, तर लाइटची वाट बघत बसायला नको. तू आजच कॉम्प्युटरमधलं सगळं फोटो काढून ठेव. कपाटात कॅमेरा हाय, त्यात कार्ड हाय, त्या कार्डावर काढ. मी कार्ड पाटीत घालतो, झालं काम."

"सगळं काढू?"

"सगळं. एक बी सोडू नको. आन् हे बघ, ती वायर..."

एवढ्यात त्याचा बॅलन्स संपला. शेवंताबाईंनी उलटा फोन केला नाही. डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं दोनदा विचारायची त्यांना सवय नव्हती, आणि यात न कळण्यासारखं होतंच काय?

आता मराठीतला हा 'काढणे' शब्द म्हणजे एकत्र घरातल्या मोठ्या सुनेसारखा आहे. जे पडेल ते काम त्याच्याच अंगावर. पाणी काढायचं, धार काढायची, दात काढायचा, झोप काढायची, वरात काढायची, कुणाची खोडी काढायची. प्रसेनजीतच्या मनात होतं ते फोटो आतून बाहेर काढायचे, वायर लावून कार्डावर उतरवायचे. शेवंताबाईंच्या लेखी मात्र फोटो काढण्याचा अर्थ एकच होता. कॅमेरा धरायचा आणि बटण दाबायचं. शिवाय पोरानं कॅमेरा कुठं आहे तेही सांगितलं होतं. मग?

त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. फोटो कसे उघडायचे हे प्रसेनजीतनं शिकवून ठेवलं होतं, उजवीकडचा बाण दाबला की पुढचा येतो. पहिल्या फोटोवर टोचायला त्यांनी हात पुढं केला आणि त्या थबकल्या. फोटो काढायचे म्हणजे बघावे लागणार. आणि आक्काच्या आधी बघायचं नाही, असं त्यांनीच ठणकावून सांगितलेलं!

दोन मिनिटं त्या विचारात पडल्या. मग त्यांनी नाकावरचा चष्मा काढला, घडी घालून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून आल्या, आणि कामाला लागल्या. चष्म्याशिवाय शेवंताबाईंना हातभर अंतरावरचा माणूस की माठ हे सांगता येत नसे. शब्दही राहिला आणि कामही अडलं नाही.

काम मात्र त्यांनी मन लावून केलं. हात हलला की सुई चुकते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून मॉनिटरपुढं स्टूल, स्टुलावर पिठाचा डबा, डब्यावर कॅमेरा. खिडकी मॉनिटरच्या अंगालाच होती, तिच्यातनं कलत्या उन्हाचा पट्टा सरळ त्यांच्या तोंडावर येत होता, त्यामुळं डोळे बारीक करून उभं राहावं लागत होतं. एक बाण, एक बटण. एक बाण, एक बटण. पडद्यावर त्यांना दिसत होते नुसते रंग. पांढरं काहीतरी, निळं काहीतरी, मध्येच पिवळ्या ठिपक्यांची गर्दी. एकदा मधोमध मोठं पांढरं आलं, तेव्हा हीच मनाली असणार असं त्यांना वाटलं. पोर कशी दिसत होती कोण जाणे. गळ्यात काय घातलं होतं? हसत होती का रडत होती? फळीवरचा चष्मा दहा पावलांवर होता. त्या तीन पावलं गेल्यासुद्धा. मग स्वतःलाच दटावून परत आल्या आणि बटण दाबलं.

मध्येच कॅमेऱ्याचे सेल संपले. त्यांनी रेडिओतले दोन काढून घातले. पावणेसातला शेवटचा फोटो झाला आणि बाण दाबला तरी पुढं काही येईना, तेव्हा त्यांनी पाठ सरळ केली. एकशे अडुसष्ट बाण मोजले होते त्यांनी. एकही सोडला नव्हता. पोरगा खूश होणार या आनंदात त्यांनी स्वतःसाठी जादा साखरेचा चहा केला.

सकाळी प्रसेनजीत आला तेव्हा ठरल्याप्रमाणं लाइट गेलेली. आंघोळ, चहा, पिशव्या या धांदलीत त्यानं एवढंच विचारलं, "काढलंस?" आणि त्या म्हणाल्या, "सगळं." कॅमेरा उचलला, पाटी उचलली, दोघं स्टँडवर. गाडी मिळाली, बसायला जागाही मिळाली. कागल मागं पडल्यावर त्यानं कॅमेऱ्यातनं कार्ड काढलं आणि पाटीच्या कडेच्या फटीत सरकवलं. खिडकीतल्या उन्हात पाटी धड दिसेना. त्यानं टॉवेल डोक्यावर घेतला, त्याच्या सावलीत डोकं खुपसलं आणि तसाच बसून राहिला. बराच वेळ.

"काय झालं?" शेवंताबाईंनी विचारलं.

टॉवेलाखालून आवाज आला, "आई, ह्या फोटोत आपला कॉम्प्युटर कसा काय आला?"

"कसा म्हंजे? कॉम्प्युटरमधलंच फोटो काढलं न्हवं का?"

"कॅमेऱ्यानं?"

"मग कशानं, चिमट्यानं?"

त्यानं टॉवेल बाजूला केला. तोंडावर हसू की रडू हे ठरत नव्हतं. मग त्यानं त्यांना सगळं समजावून सांगितलं, वायर काय, कार्ड काय, कॉपी म्हणजे काय. निपाणी येईपर्यंत शेवंताबाईंना आपण काय केलं ते कळलं. एकशे अडुसष्ट फोटो, आणि एकूण एक मॉनिटरचा. मॉनिटरची चौकट, खालची बटणं, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा. वर पडद्यावर ओढ्याच्या पाण्यासारख्या रेषा उमटलेल्या.

"परत फिरू या," त्या म्हणाल्या.

"परत जाऊन, लाइट येऊन, परत यायला संध्याकाळ होईल. रातच्या गाडीनं मला पुण्याला जायचंय. पाटी सकाळी जमा करायचीय."

"मग तूच सांगायचं हुतंस नीट!"

"मी काढून ठेव म्हणालो."

"मी काढून ठेवलं!"

प्रसेनजीतनं बॅटरी वाचवायला पाटी बंद केली. शेवंताबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी वाऱ्यावर ढकललं. एवढी एकच संधी, तीही आपल्या अडाणीपणानं घालवली, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आता आक्का त्या मॉनिटरच्या चौकटीकडं बघणार आणि म्हणणार, 'लगीन हाय म्हणत्यात ह्यात.'

गडहिंग्लजला पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. चिमणाबाईंची कॉट दाराजवळ, पाय विटांवरच्या उशीवर. त्यांनी प्रसेनजीतच्या डोक्यावरनं हात फिरवला, बहिणीला "वाळलीस गं" म्हणाल्या आणि पाटीकडं डोळे बारीक करून बघितलं.

"ह्यात काय हाय?"

"मनालीचं लगीन, मावशी."

"असंल," चिमणाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडं बघू लागल्या.

शेवंताबाईंचा धीरच होईना. पण प्रसेनजीत पुण्यात राहिला तरी पोरगा कोल्हापूरचा, असा तसा मागं हटणारा नव्हे. त्यानं मावशीच्या पाठीशी दोन उशा लावल्या, पाटी तिच्या तोंडापुढं वीतभर अंतरावर धरली आणि एक फोटो उघडून लेखणीनं मोठा केला. मोठा करत गेल्यावर मॉनिटरची चौकट कडेनं बाहेर गेली, बटणं गेली, कॅलेंडर गेलं. उरली नुसती मनाली. हातात मेणबत्ती धरलेली, पांढऱ्या साडीतली, पाटीभर मनाली. रेषा होत्या, पण चेहरा चेहरा होता.

शेवंताबाई पाटीकडं बघतच नव्हत्या. त्या आक्काच्या तोंडाकडं बघत होत्या. चिमणाबाईंच्या भुवया आधी वर गेल्या, मग गोळा झाल्या, मग त्यांनी मान पुढं काढली आणि पाटीच्या काचेला बोट लावलं.

"शेवंते."

"काय गं?"

"तू लग्नाला गेलतीस."

"आँ?"

"मला सुई टोचून निजवलीस आन् गुपचूप गेलतीस! मी म्हनलं हिनं माझ्यापायी लगीन सोडलं, मी रोज जिवाला खातोय, आन् ही बया हितं मनालीच्या मागं हुबी!"

"आक्का, डोस्कं ठिकाणावर हाय का? मी तुझ्याजवळनं हललो तरी का?"

"मग हे कोण, तुझी सवत?"

प्रसेनजीतनं पाटी स्वतःकडं वळवली आणि तो मोठ्यांदा हसला. शेवंताबाईंनी चष्मा सावरून बघितलं. मनालीच्या खांद्यामागं, फिकट पण स्वच्छ, एक बाई उभी होती. अंगावर फुलाफुलांची साडी, तोंडावर उन्हाचा पट्टा, डोळे बारीक केलेले, ओठ घट्ट मिटलेले. त्याच होत्या त्या. मॉनिटरच्या काचेत पडलेल्या.

प्रसेनजीतनं पुढचा फोटो लावला. वधूवर हार घालतायत, आणि दोन हारांच्या मधल्या जागेत शेवंताबाई. पुढचा. बौद्धाचार्य त्रिशरण म्हणतायत, त्यांच्या शेजारी शेवंताबाई. पाकळ्या उधळल्यायत आणि त्या पाकळ्या जणू शेवंताबाईंच्या डोक्यावर पडतायत. आकाराम डोळे पुसतोय आणि मागनं शेवंताबाई त्याच्याकडं रागानं बघतायत. एकशे अडुसष्ट फोटोंत एकही फोटो असा नव्हता की ज्यात त्या नव्हत्या. नवरीपेक्षा जास्त फोटोंत त्या होत्या!

त्यानं मावशीला समजावलं, काच कशी आरशागत असते, आई कशी कॅमेरा डब्यावर ठेवून उभी होती ते. चिमणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग फोटो काढताना बघितलंस की सगळं लगीन, माझ्या आदी," त्या म्हणाल्या.

"न्हाय बघितलं."

"डोळं मिटून काढलंस व्हय?"

"चष्मा काढून ठेवलता," शेवंताबाई खाली बघत म्हणाल्या. "फळीवर. तुझ्या आदी बघायचं न्हाय म्हणून."

चिमणाबाई बहिणीकडं बघत राहिल्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग त्या अशा हसल्या की प्लास्टरमधला पाय दुखायला लागला, तो धरून "आयाई गं" म्हणत हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, तेही पुसलं नाही. शेवंताबाईंनाही मग आवरेना. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या आणि रडत होत्या, आणि प्रसेनजीत पाटी सांभाळत उभा होता. महिनाभरात त्या घरात असा आवाज झाला नव्हता.

"चल, दाव सगळं," चिमणाबाईंनी शेवटी फर्मान काढलं. "पयल्यापासनं. मोठं करून."

मग लग्न सुरू झालं. दोघी एका उशीला टेकून बसल्या आणि प्रसेनजीत पाटीवर लेखणी टोचत राहिला. एकेका फोटोला चिमणाबाई आधी बहिणीला शोधायच्या, "ही बघ, हितं हाईस," आणि मग बाकीच्यांकडं वळायच्या. "जावयाचं कान मोठं हाईत. चांगलं असतंय, ऐकून घील पोरीचं." "आकारामनं दाढी न्हाय केली? सोत्ताच्या पोरीच्या लग्नात?" "आन् शेवंते, तू त्वांड असं का केलंयस, लिंबू चोखल्यागत? लग्नात जरा हसायचं असतंय." शेवंताबाईंनाही लग्न आत्ताच दिसत होतं. मनाली हसत होती. बहुतेक फोटोंत हसत होती, एका ठिकाणी तेवढी खाली बघत होती, आणि तिथं शेवंताबाई बरोबर तिच्या पाठीशी होत्या. ते बघून त्यांना फार बरं वाटलं.

शंभरेक फोटो झाल्यावर चिमणाबाईंनी लेखणीवर हात ठेवला. प्रसेनजीतनं विचारलं, "दमलीस, मावशी?"

"न्हाय." त्यांनी पाटीच्या काचेवरनं बोट फिरवलं. "ही सगळ्यात हाय. मी कशातच न्हाय."

बोलणं साधं होतं, तक्रार नव्हती. पण शेवंताबाईंचं हसू तिथंच थांबलं. त्या लेकाकडं बघू लागल्या.

प्रसेनजीतनं क्षणभर डोकं खाजवलं. पाटीकडं बघितलं, दाराकडं बघितलं. मग त्यानं भराभर फोटो मागं घेतले आणि एकावर थांबला. नवरानवरी शेजारी शेजारी उभे, मागं गर्द जांभळा पडदा, दोन्ही अंगांना मोकळी जागा. काचेत पडलेल्या शेवंताबाई त्यात अगदी कडेला होत्या, लेखणीनं मोठा केल्यावर त्या चौकटीसकट बाहेर गेल्या. कार्ड काढलं तरी पडद्यावर राहावा म्हणून त्यानं तोच फोटो आधी पाटीच्या पोटात उतरवून घेतला, कार्ड बाहेर ओढलं, कॅमेऱ्यात घातलं, आणि स्टूल कॉटला लावून पाटी त्यावर उभी केली.

"दोघी पाटीकडं बघा. आई, तू अलीकडं सरक. मावशी, जरा पुढं. काचंत दिसतंय का कोण?"

दारातलं ऊन दोघींच्या तोंडावर होतं. जांभळ्या पडद्यावर, नवऱ्याच्या बाजूला एक चेहरा उमटला आणि नवरीच्या बाजूला दुसरा.

"दिसतंय," शेवंताबाई म्हणाल्या. "आक्का, तू नवरीकडं हाईस."

"थांब!" चिमणाबाई ओरडल्या. "असं काय? ह्या पातळावर? लग्नातला फोटो हाय न्हवं? शेवंते, ट्रंक उघड. निळ्या काठाची हाय बघ, मनालीनं पयल्या पगारातनं घेतलेली. घडी मोडली न्हाय अजून."

पाय प्लास्टरमध्ये, नेसवायची कशी? शेवंताबाईंनी साडी उलगडून त्यांच्या खांद्यावरनं नीट पदरासारखी घेतली, निऱ्या छातीवर बसवल्या, केसांवरनं ओला हात फिरवला. चिमणाबाई ताठ बसल्या. शेवंताबाईंनी चष्मा पुसला.

"लिंबू चोखू नगंस," चिमणाबाईंनी बजावलं, आणि प्रसेनजीतनं बटण दाबलं.

कार्ड परत पाटीत गेलं. फोटो मोठा झाला. जांभळ्या पडद्यापुढं चार माणसं. मध्ये मनाली आणि तिचा नवरा, एका बाजूला शेवंताबाई, खळखळून हसणाऱ्या, आणि मनालीच्या कानाशी चिमणाबाई, निळ्या काठाच्या साडीत. एका कोपऱ्यात कॅमेरा धरलेला प्रसेनजीतही अर्धा आला होता. चिमणाबाईंनी पाटी आपल्या हातात घेतली, नाकाला लावली, लांब धरली आणि मांडीवर ठेवली. मनालीच्या गालावरनं अंगठा फिरवला. तिथं त्यांचा स्वतःचा गालही होता.

"ग्वाड दिसती माझी पोर," त्या म्हणाल्या.

शेवंताबाई पदरानं चष्मा पुसत होत्या, मघाशीच पुसला होता तरी. दारातलं ऊन कॉटवरनं खाली उतरलं होतं, दीड वाजून गेला असावा. चिमणाबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि खांद्यावरची साडी सावरत एकदम आवाज चढवला,

"आरं, दोन तास झालं लग्नात येऊन बसलोय, जेवा म्हणून कोण इच्यारतंय का न्हाय? वाढपी कुठं मेलं?"

"आलो, आलो!" म्हणत शेवंताबाई पदर खोचून चुलीकडं धावल्या.